सही तुमची, मजकूर दुसऱ्याचा

तारकर्लीहून देवबागकडे जाताना रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरं आणि फाटकाफाटकावर ‘राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्या काळात पाटीवर फोन नंबर पुरायचा. आता त्याखाली वेबसाइटचा पत्ताही असतो. साइट बहुधा भाच्याने किंवा कुडाळ-कणकवलीच्या एखाद्या मुलाने वर्डप्रेस या साइट बांधायच्या तयार यंत्रणेवर उभी करून दिलेली असते. खोल्यांचं बुकिंग घ्यायला एक प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडायचा तयार कोड, चौकशीच्या फॉर्मला दुसरं, फोटोंच्या गॅलरीला तिसरं, व्हॉट्सॲपचं हिरवं बटण दाखवायला चौथं. साइट उभी करणारा मुलगा पुढे नोकरीला पुण्याला जातो. प्लगइनं तिथेच राहतात.

समजा, अशाच एका घरचे मालक डिसेंबरातल्या एका रात्री लॅपटॉपवर साइटचं ॲडमिन पॅनेल उघडून नाताळच्या आठवड्याचे दर बदलत बसले आहेत. शेजारच्याच टॅबमध्ये व्हॉट्सॲप चालू आहे. मेसेज येतो: “दादा, पुण्याहून बारा जण येतोय. असं पॅकेज तुमच्याकडे मिळेल का? ही लिंक बघा.” लिंक उघडल्यावर सुरमईच्या ताटाचा एक फोटो दिसतो, बाकी काही नाही. ते टॅब बंद करून कामाला लागतात. दोन दिवसांनी साइटच्या सदस्यांच्या यादीत एक नवीन ॲडमिन दिसतो, जो त्यांनी नेमलेला नाही. पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता, ओटीपी दिला नव्हता, काही डाउनलोडही केलं नव्हतं.

“पासवर्ड चोरीक गेलो नाय, मगे ह्या झाला कसा?”

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर विचित्र आहे. दार त्यांच्याच ब्राउझरने, त्यांच्याच खात्याच्या अधिकाराने, त्या ताटाचा फोटो समोर असताना उघडलं. ही गोष्ट मी रचलेली आहे, पण ती ज्या यंत्रणेवर उभी आहे ती शंभर टक्के खरी आहे. तिचं नाव क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजे एका साइटवर बसून दुसऱ्या साइटच्या नावे बनावट विनंती रचणं. २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी या दोषाला हे नाव दिलं आणि त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘सी-सर्फ’ करावा असंही सुचवलं. समुद्राची लाट. आमच्या किनाऱ्यावर हा शब्द लक्षात ठेवायला सोपा आहे.

हे समजायला आधी कुकी समजून घ्यावी लागते. वेबची मूळ रचना विसरभोळी आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरून जातो. दुसरं पान मागितलंत की त्याच्या दृष्टीने तुम्ही नवे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक भेटीत ती परत दाखवायची. हीच कुकी. वर्डप्रेसमध्ये तुम्ही पासवर्ड घालून आत आलात की अशीच चिठ्ठी मिळते. साधारणपणे ती दोन दिवस चालते आणि ‘मला लक्षात ठेवा’ या चौकोनात खूण केली तर चौदा दिवस. तेवढ्या काळात पासवर्ड पुन्हा कुणी विचारत नाही. चिठ्ठी म्हणजेच तुम्ही.

सगळी गोम ही चिठ्ठी कधी दाखवली जाते यात आहे. ब्राउझर बघतो विनंती कुठे जायची आहे. ती तुमच्या साइटकडे निघाली असेल तर तो तुमच्या साइटची कुकी सोबत जोडतो. ती विनंती रचली कुणी, म्हणजे बटण तुम्ही स्वतः दाबलंत की दुसऱ्याच कुठल्या पानात दडवलेल्या फॉर्मने ती परस्पर धाडली, हे बघण्याची रीत मूळ रचनेत नव्हतीच. ताटाच्या फोटोच्या पानातही एक अदृश्य फॉर्म होता. पान उघडताक्षणी तो आपोआप तुमच्या साइटकडे निघाला आणि ब्राउझरने इमानदारीने तुमची चिठ्ठी त्याला टाचली.

देवळात गाऱ्हाणं घालताना मानकरी एकेक वाक्य बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिथे ते शोभतं, कारण बोलणारा सगळ्यांच्या समोर उभा आहे, त्याचा मान गावाला ठाऊक आहे, आणि तो भलतंच काही मागायला लागला तर गाव तिथल्या तिथे गप्प होईल. ब्राउझरसमोर बोलणारा दिसतच नाही. पडद्याआडून कुणीही वाक्य उच्चारावं आणि याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं, असा हा प्रकार आहे.

संगणकशास्त्रात या दुखण्याला वेबच्याही आधीचं नाव आहे. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी एक छोटासा लेख लिहिला, त्यात त्यांनी टाइमशेअर या अमेरिकन कंपनीतला अनुभव सांगितला आहे. तिथे गिऱ्हाइकं भाड्याने संगणक वापरत. एका कंपायलर प्रोग्रामला स्वतःच्या वापराचा हिशेब ठेवता यावा म्हणून एका विशिष्ट डिरेक्टरीत लिहिण्याची परवानगी दिलेली होती. त्याच डिरेक्टरीत गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. गिऱ्हाइकाला कंपायलरकडून जे तपशील हवे असत ते कोणत्या फाइलमध्ये लिहायचे, तिचं नाव तो स्वतः देऊ शकत असे. एकाने नाव दिलं बिलांच्या फाइलचं. कंपायलरने निमूट लिहिलं, आणि बिलांची माहिती पुसली गेली. गिऱ्हाइकाला त्या फाइलला हात लावायचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता. हुकूम एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, आणि दोन्ही आपल्या हातात कुठून आले याचा मधल्या माणसाला पत्ता नाही. हार्डी यांनी अशा मध्यस्थाला गोंधळलेला प्रतिनिधी म्हटलं.

कोकणात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुंबईचा चाकरमानी गावच्या जमिनीचं बघायला कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र देतो. मुखत्यार प्रामाणिक आहे. पण शेजारी एक दिवस कागद घेऊन येतो, ‘मालकांनी सांगितलंय’ म्हणतो, आणि मुखत्यार सही करतो. सही खरी, शिक्का खरा, अधिकारही खरा. फक्त इच्छा मालकाची नाही. ब्राउझर तुमचा असाच मुखत्यार आहे.

हा हल्ला अतिशय गुपचूप होऊ शकतो. सप्टेंबर २००७ मध्ये पेटको पेटकोव्ह या सुरक्षा-संशोधकाने जीमेलमधला असाच दोष उघड केला. जीमेल उघडं ठेवून कुणी घातक पानावर गेलं, तर त्याच्या खात्यात परस्पर एक फिल्टर तयार होई आणि पुढे येणाऱ्या टपालातली निवडक पत्रं दुसऱ्याच पत्त्यावर जाऊ लागत. गूगलने दोष लगेच दुरुस्त केला. पण फिल्टर आधीच बसलेला असेल तर तो दुरुस्तीनंतरही तसाच राही, कारण जीमेलच्या दृष्टीने तो मालकानेच बसवलेला होता.

आता यावरचा इलाज. मला तो फार सुंदर वाटतो, आणि तो कळला की प्लगइनवाले चुकतात कुठे हेही कळतं.

या हल्ल्यात एक मोठी उणीव आहे. तो आंधळा असतो. घातक पान तुमच्या ब्राउझरकडून तुमच्या साइटला विनंती पाठवून घेऊ शकतं, पण साइटने काय उत्तर दिलं ते वाचू शकत नाही. एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचा मजकूर वाचायचा नाही, हा नियम ब्राउझर कडकपणे पाळतात. म्हणजे हल्लेखोर तुमच्या नावाने पत्र टाकू शकतो, तुमचं आलेलं पत्र फोडू शकत नाही. मग साइटने असं करावं: ॲडमिनला दाखवलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त अक्षरसमूह घालावा आणि फॉर्म परत आला की तो तपासावा. खरा मालक तोच फॉर्म उघडून भरतो, त्यामुळे त्याच्याबरोबर ती अक्षरं आपसूक परत येतात. हल्लेखोराला फॉर्म वाचताच येत नाही, तर ती अक्षरं तो आणणार कुठून?

सिंधुदुर्ग किल्ला उभा राहिला त्या काळातल्या, म्हणजे १६६४ ते १६६७ च्या सुमाराच्या पत्रव्यवहारात हीच समज दिसते. शिवकालीन पत्रावर मुद्रा असायची आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. मुद्रा सांगायची पत्र कुणाचं. मोर्तब सांगायचं की मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडली असेल तर ती आमची नव्हे. नुसत्या मुद्रेवर भागत नाही हे त्या दफ्तरांना ठाऊक होतं, आणि ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आपण त्याच परंपरेतून उचलला आहे. कुकी म्हणजे नुसता शिक्का, आणि फॉर्ममधली ती गुप्त अक्षरं म्हणजे मोर्तब.

वर्डप्रेसमध्ये या मोर्तबाला ‘नॉन्स’ म्हणतात आणि ते जून २००६ मध्ये २.०.३ या आवृत्तीत आलं. त्याआधी विनंती कुठल्या पानावरून आली एवढंच पाहिलं जाई, आणि ती माहिती नेहमीच भरवशाची नसते. नॉन्स दहा अक्षरांचा असतो. तुम्ही कोण, कोणतं काम करताय, तुमचं कोणतं लॉगिन चालू आहे आणि वेळ काय झाली, हे सगळं साइटच्या गुप्त किल्लीबरोबर घुसळून तो काढला जातो. म्हणून दर बदलण्याचा नॉन्स खोली काढून टाकायला चालत नाही आणि माझा नॉन्स तुम्हाला चालत नाही. नॉन्स या शब्दाचा अर्थ ‘एकदाच वापरायचं’ असा आहे. वर्डप्रेसचा मात्र कधी चोवीस तास, कधी त्याहून कमी वेळ पुन्हा पुन्हा चालतो, त्यामुळे नाव काटेकोर नाही, पण काम चोख आहे.

इतका चांगला उपाय वीस वर्षं हाताशी असताना प्लगइनमध्ये हा दोष अजून सापडतो कसा? कारण तो उपाय आपोआप लागू होत नाही. वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या यंत्रणेत तिथल्या पद्धतीने फॉर्म बांधला की गुप्त अक्षरं यंत्रणाच घालते आणि तीच तपासते. वेब ॲप्लिकेशनच्या धोक्यांची ‘ओवास्प’ संस्थेची जी दहाची यादी जगभर वापरली जाते, तीत हा दोष २०१३ मध्ये आठवा होता आणि २०१७ मध्ये यादीतून गेला, कारण साइट बांधायच्या नव्या चौकटींमध्ये (फ्रेमवर्कमध्ये) बचाव आधीच बसवलेला येऊ लागला. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये मात्र नॉन्स घालायची ओळ आणि तो तपासायची ओळ लिहिणाऱ्याने स्वतः, प्रत्येक दाराशी लिहायची असते. जूमला या तशाच तिसऱ्या यंत्रणेतही तपासणीची ओळ बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच आठवावी लागते. आणि जे आठवावं लागतं ते कधीतरी विसरतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे ‘कोड स्निपेट्स’ हे प्लगइन. साइटवर कोडचे छोटे तुकडे चालवण्यासाठी ते वापरतात. जानेवारी २०२० मध्ये ते दोन लाखांहून अधिक साइटवर होतं. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने ते तपासलं तेव्हा दिसलं की लेखकाने जवळजवळ सगळीकडे नॉन्स नीट वापरला होता. राहिलं होतं ते फक्त बाहेरून तुकडे आयात करण्याचं दार. तिथेही लेखकाने एक काळजी घेतलेली होती: आयात केलेला तुकडा आपोआप चालू होत नसे. पण आयातीच्या फाइलमध्येच ‘हा चालू आहे’ अशी खूण घातली तर तो चालू होऊन बसे. म्हणजे एका लिंकवर ॲडमिनची एक टिचकी पडली की साइटवर हल्लेखोराचा कोड धावायला लागला. दोष किती धोकादायक हे मोजणाऱ्या मोजपट्टीवर याला दहापैकी ८.८ गुण मिळाले. कळवल्यापासून दोनच दिवसांत २.१४.० ही दुरुस्त आवृत्ती आली. मला त्या लेखकाबद्दल आदरच वाटतो. सगळी दारं लावून एक राहून जाणं हा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. दारं मोजण्याचं काम माणसाच्या आठवणीवर सोडलं की असंच होतं.

दुसरं उदाहरण जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं आणि आपल्या देवबागच्या मालकांची गोष्ट मी त्यावरूनच बेतली. ‘लॉगिन/साइनअप पॉपअप’, ‘साइड कार्ट वूकॉमर्स’ आणि ‘वेटलिस्ट वूकॉमर्स’ ही एकाच विकसकाची तीन प्लगइनं मिळून ८४,००० साइटवर होती. सेटिंग साठवण्याचा कोड तिघांत सारखाच होता, म्हणून नॉन्स न तपासण्याची चूकही तिन्हींत उतरली. या भोकातून साइटचं कुठलंही सेटिंग बदलता येत होतं. त्यातली दोन पुरेशी होती: ‘कुणालाही सदस्य होता येईल’ आणि ‘नव्या सदस्याचा दर्जा ॲडमिन’. ही दोन बदलली की हल्लेखोराने राजरोस नाव नोंदवायचं आणि घरमालक व्हायचं.

कधीकधी तपासणी असते, पण उलटी लिहिलेली असते. ‘नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांबव.’ वाचायला बरोबर वाटतं. पण ज्याने नॉन्स आणलाच नाही तो या वाक्यातून सरळ आत जातो. पास दाखवणाऱ्याचा पास बारकाईने बघायचा आणि पास नसलेल्याला हटकायचंच नाही, असा हा पहारा. अशा चुका डोळ्यांनी सहज निसटतात. आणि याची उलट बाजूही आहे: नॉन्स बरोबर आहे म्हणून माणसाला अधिकार आहे असं मानायचं नसतं. अधिकार वेगळा तपासावा लागतो. तू कोण, तुला हे करायचा हक्क आहे का, आणि हे तुला खरंच करायचं होतं का, असे हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत.

वर्डप्रेसच्या गाभ्यातही हा दोष निघाला आहे. मार्च २०१९ मधली ५.१.१ ही आवृत्ती सायमन स्कॅनेल यांनी शोधलेला असाच एक दोष बुजवण्यासाठी काढावी लागली. मात्र गाभ्याकडे जगाचे डोळे असतात. शंभर-दोनशे साइटवर चालणाऱ्या बुकिंग प्लगइनकडे कोण बघतं?

दरम्यान ब्राउझरांनीही पाऊल उचललं. २०२० पासून क्रोम, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, दुसऱ्या साइटवरून परस्पर धाडलेल्या फॉर्मबरोबर कुकी देत नाही. याने बरंच संरक्षण मिळालं, पण पूर्ण नाही. साधी लिंक दाबून तुम्ही थेट आपल्या साइटवर पोचलात तर कुकी जातेच, आणि नुसत्या लिंकच्या भेटीवर काहीतरी पुसणारी किंवा बदलणारी प्लगइनं आजही आहेत. नुकतंच लॉगिन केलेलं असेल तर पहिल्या दोन मिनिटांची सूटही क्रोमने ठेवली आहे. शिवाय सगळे ब्राउझर या बाबतीत क्रोमसारखे वागत नाहीत.

मग घाबरायचं किती? या प्रकारातल्या पुष्कळ दोषांना दहापैकी ४.३ इतकेच गुण मिळतात. कारण हल्लेखोराला एका विशिष्ट माणसाने, लॉगिन असताना, विशिष्ट लिंक उघडायला हवी असते. लाखो साइट एका रात्रीत झोडपणाऱ्या यंत्रांना असा दोष सोयीचा नसतो, त्यांना कुणाच्या टिचकीची वाट न बघणारी भोकं हवी असतात. हे खरं आहे. पण ‘माणसाला लिंक उघडायला लावणं अवघड’ हे गृहीतक मुंबई-बंगळुरूच्या कचेरीत बसलेल्या ॲडमिनसाठी ठीक आहे. देवबागच्या, चिवल्याच्या, निवतीच्या घरमालकाचा धंदाच अनोळखी माणसाच्या मेसेजला उत्तर देण्यावर चालतो. त्याचा नंबर साइटवर मोठ्या अक्षरांत आहे. ‘ही लिंक बघा’ असं सांगणाऱ्याकडे त्याने दुर्लक्ष केलं तर गिऱ्हाईक शेजारच्या घरी जाईल. देवगडच्या आंबा बागायतदाराचंही एप्रिलात तेच. धोक्याच्या गुणपत्रिकेत या माणसांचा विचार झालेला नसतो, आणि म्हणून त्यांच्यासाठी ते ४.३ मला कमी वाटतात.

आणखी एक गोष्ट मालकांना निक्षून सांगावी लागते. या हल्ल्यापुढे लांब पासवर्ड, ओटीपी आणि पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र यांपैकी काहीही कामाला येत नाही. ती सगळी दारावर ओळख पटवणारी साधनं आहेत, आणि इथे ओळख आधीच पटलेली असते. ती साधनं ठेवावीतच, पण ती आहेत म्हणून निश्चिंत होऊ नये.

कामाला येतात त्या साध्या सवयी. दर बदलून झाले की लॉगआउट करायचं, टॅब नुसता बंद करायचा नाही. साइटच्या कामाला एक ब्राउझर आणि व्हॉट्सॲप-फेसबुकला दुसरा ठेवायचा. दोन ब्राउझरांच्या कुकी एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे एकात उघडलेलं घातक पान दुसऱ्यातली चिठ्ठी वापरू शकत नाही. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय हाच. रोज फोटो आणि मजकूर घालणाऱ्या मुलीला ॲडमिनऐवजी एडिटरचं खातं द्यायचं, म्हणजे तिच्या हातून चुकीची लिंक उघडली तरी नुकसान मर्यादित राहतं. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय आहे, ती चालू करायची. आणि वापरात नसलेलं प्लगइन नुसतं बंद न ठेवता काढून टाकायचं. लेखकाने दोष दुरुस्त केला नाही तर वर्डप्रेसच्या संग्रहातून प्लगइन हटवलं जातं, पण तुमच्या साइटवर बसलेली प्रत तशीच चालू राहते. म्हणून दोन-तीन वर्षांत ज्याची नवी आवृत्ती आली नाही अशा प्लगइनचं पान एकदा उघडून बघायला हवं.

हे करायला आमच्याकडे वेळ ठरलेलाच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पडवीत जाळी विणायला बसतात. स्कूबावाल्यांच्या बोटीही तेव्हा झाकून ठेवलेल्या असतात आणि खोल्या रिकाम्या. त्या दिवसांत मी दोन-चार ओळखीच्या घरांत लॅपटॉप घेऊन बसतो. एका घरी एकवीस प्लगइनं निघाली, त्यातली अकरा कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येईना. आम्ही एकेक काढत गेलो आणि प्रत्येक वेळी साइट उघडून बघितली. शेवटी नऊ उरली आणि साइटचं काही बिघडलं नाही.

तिथल्या काकींची तक्रार वेगळीच होती. रात्री दर भरून पान तसंच उघडं ठेवून त्या झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘साठवा’ दाबलं की कधीकधी साइट म्हणते, तुमच्या लिंकची मुदत संपली आहे. “सगळा परत भरूचा लागता,” त्या वैतागून म्हणाल्या. मी त्यांना ती दहा अक्षरं दाखवली, पानाच्या पोटात लपलेली, आणि चोवीस तासांचा हिशेब सांगितला. त्यांनी चष्मा लावून ती अक्षरं नीट पाहिली. मग पान ताजं करून दर पुन्हा भरायला घेतले.